बागबाजारचा डावा सेट

वन्सं, तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. शिरीष म्हणाला, निदान वर्षश्राद्धापर्यंत तरी थांब. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते कोणामुळे राहिलं हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही "उद्या बोलू" म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी बोलायच्या स्थितीतच राहिला नाहीत. असं अर्ध्यावर सोडून जायची सवय तुम्हाला कधीच नव्हती.

तुमचं माहेर, शिक्षण, यजमानांची रेल्वेतली नोकरी, त्यांच्यामागे तुम्ही कोलकात्याच्या बेहाला भागात एकटीने मांडलेला संसार, हे सगळं शिरीषने इथल्या मराठी मंडळाच्या बातमीपत्रासाठी लिहून दिलं आहे. धाकट्या भावाने लिहावं तसं नीट लिहिलं आहे. गोल्फबद्दल त्यात एकच वाक्य आहे, 'त्यांना खेळाची आवड होती.' मी ते वाचलं आणि मोठ्याने हसले. आवड म्हणे! हॉस्पिटलच्या खाटेवर नर्सला हाताची पकड दाखवणाऱ्या बाईला आवड होती!

मी तुम्हाला 'ताई'च म्हणणार होते, सगळे म्हणतात तशी. लग्नानंतर पहिल्याच भेटीत तुम्ही म्हणालात, "मला वन्सं म्हण. हल्ली कोणी म्हणत नाही, आणि तेवढाच जरा वचक राहील." वचक कसला राहतोय! पण नाव राहिलं. तुम्ही कोलकात्यात, आम्ही पुण्यात, त्यामुळे पंचवीस-सव्वीस वर्षं आपलं नातं दिवाळीच्या फोनपुरतंच होतं. मग शिरीषच्या बँकेने त्याला इथे पाठवलं. बदलीच्या ऑर्डरवर माझं नाव नव्हतं, पण बदली माझीही झाली होती. शाळेतली भूगोलाची नोकरी सोडली, लेक बंगळूरला गेली, आणि मी बेहालाच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन पडले. मला बंगालीत फक्त 'कोतो' येत होतं. किती म्हणून विचारायचं, आणि उत्तर कळलं नाही की मान डोलवून निघून यायचं.

तुम्ही महिनाभर पाहिलंत आणि एका सकाळी दारात उभ्या राहिलात. पांढरी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, सत्तरी गाठलेली बाई. "चल. तुझा चेहरा पडवळासारखा झालाय." मला वाटलं, देवळात नेताय. तुम्ही नेलंत गार्डन रीचला, नदीकाठच्या त्या छोट्या गोल्फच्या मैदानावर. एका बाजूला जहाजांचा भोंगा, दुसऱ्या बाजूला कावळे, आणि मध्ये तुम्ही, "ही काठी नाही, क्लब म्हणायचं" असं मला बजावत.

शिरीषला केवढा आनंद झाला होता! त्याच्या ऑफिसातले एक साहेब निवृत्त होऊन जाताना त्यांचा सबंध गोल्फसेट आमच्या हॉलमध्ये ठेवून गेले. एकही क्लब कमी नाही, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपडं. शिरीष आल्यागेल्याला पिशवी उघडून दाखवायचा. "अख्खा सेट, आणि फुकट!" मलाही वाटलं, झालं, आता फक्त शिकायचं राहिलं. आपल्या घरांमध्ये नवी विद्या नेहमी कोणाच्या तरी जुन्या सामानावरच शिकतात. माझी पेटी मामेबहिणीची होती, सायकल भावाची होती.

त्या सेटवर मी काय दिवे लावले ते तुम्ही पाहिलंत. चेंडू जागचा हलायचा नाही, आणि हललाच तर सशासारखा गवतातून पळायचा. आपल्यासोबत खेळणाऱ्या शर्मिष्ठादी मोठ्या मनाच्या, त्या "होबे, होबे" म्हणत राहायच्या. होईल, होईल. काहीही होत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मी तुमच्या घरी येऊन सांगितलं की मला हे जमणार नाही, माझं शरीरच त्या जातीचं नाही. चहा टाकायला आत गेलात.

संध्याकाळ होत होती, आणि बेहालातले डास कसे असतात ते मी वेगळं सांगायला नको. मी तुमच्या सोफ्यावरची डास मारायची रॅकेट उचलली आणि एकाला टिपलं. चट्ट आवाज झाला. दुसऱ्याला टिपलं. मागून तुमचा आवाज आला, "थांब. परत मार." मी वळले, तर तुम्ही चहाचे कप हातात घेऊन दारात खिळलेल्या. "अगं मीनल, परत मार म्हणते ना!"

मी हवेतच मारली. तुम्ही कप खाली ठेवले, माझं मनगट धरलं आणि ते माझ्याच डोळ्यांसमोर आणलंत. डावं होतं.

"तू डावरी आहेस?"

"नाही हो. मी लिहिते उजव्याने, जेवते उजव्याने."

"मी लिहिण्याचं विचारलंच नाही. झाडू कोणत्या हातात धरतेस?"

मला सांगता येईना. तुम्ही खरोखर कोपऱ्यातला झाडू आणून हातात दिलात. मी डाव्याने धरला. पळी दिलीत, डाव्याने ढवळली. मग मला आठवलं. आई डाव्या हातावर हलकी चापट मारायची, रागाने नाही, सवयीने. प्रसाद उजव्याने, कुंकू उजव्याने, पाहुण्यांना पाणी उजव्याने. पाटी-पेन्सिल तर उजव्यानेच. मी गुणी मुलगी होते, लवकर शिकले. इतकी छान शिकले की स्वतःच विसरून गेले. लोकांना दिसतं ते सगळं उजव्याने करत होते, आणि कोणी बघत नसलं की डाव्याने. पन्नाशी ओलांडल्यावर, हातात डासांची रॅकेट घेऊन, मला माझा हात सापडला.

मला रडू येत होतं आणि तुम्ही हसत होतात. "म्हणजे आजवर तू खेळलीच नाहीस. दुसरीच कोणीतरी खेळत होती. आता तुझा सेट आणायचा."

तिथून तुम्ही जे पेटलात! गोल्फमध्ये डावऱ्यांचे क्लब वेगळे असतात, आरशात दिसावेत तसे उलट्या तोंडाचे, हे मला तेव्हा कळलं. शिरीष म्हणाला, "घरात अख्खा सेट पडलाय, आणि हिने आयुष्यभर उजव्याने सगळं केलंच की." तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत की तो पेपर घेऊन बाल्कनीत गेला. आपण धर्मतल्ल्यातली खेळाची दुकानं पालथी घातली. "लेफ्टी राखि ना, दीदी," डावऱ्यांचे ठेवत नाही, सगळीकडे तेच. एका दुकानदाराने तर माझी समजूत घातली की दोन महिन्यांत उजव्याची सवय होईल. तुम्ही त्याला तुमच्या त्या मराठी वळणाच्या बंगालीत काय सुनावलंत ते मला नीट कळलं नाही, पण बाहेर पडताना त्याने दार उघडून धरलं होतं.

शेवटी शर्मिष्ठादींना आठवलं की बागबाजारला त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टरबाबू राहतात. डावरे, गुडघ्यांमुळे खेळ सुटलेला. तुम्ही तिथल्या तिथे फोन लावलात. रविवारी आपण पिवळ्या टॅक्सीतून निघालो आणि सबंध रस्ता तुम्ही मला बजावत होतात की चकचकीत दिसेल ते उचलू नकोस.

डॉक्टरबाबूंनी दार उघडलं ते माझ्या हातांकडे बघतच. "आपनि लेफ्टी? एतोदिन पोरे एकजोन!" इतक्या वर्षांनी एक कोणीतरी भेटली, असं म्हणताना त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. त्यांच्या बायकोने संदेश आणले. मी उजवा हात पुढे केला, तर त्यांनी बशी मागे घेतली. "बाँ हाते!" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान डोलावलीत. परक्याच्या घरी, चारचौघांसमोर, मी डाव्या हाताने मिठाई उचलून खाल्ली. आई बघत असेल तर काय म्हणेल असं क्षणभर वाटलं, आणि मग वाटलं नाही.

त्यांच्या लाल सिमेंटच्या जमिनीवर तुम्ही सगळे क्लब ओळीने मांडलेत. मला ताठ उभं केलंत, हात सैल सोडायला सांगितलेत आणि शिंप्याच्या टेपने मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलंत. डॉक्टरबाबू उंच, मीही ताडमाड. पुण्यात ह्या उंचीपायी दोन स्थळं परत गेली होती, आणि बागबाजारात ती उपयोगी पडली. एकेक क्लब उचलून तुम्ही त्याची दांडी हलवून बघत होतात. "नवख्याला दांडी हलकी हवी. डोकं रुंद हवं, म्हणजे चुकीला जागा राहते." रबराची मूठ अंगठ्याने चोळून बघितलीत. "ही बदलून घेऊ." असं करत करत तुम्ही बाजूला काढलेत ते जेमतेम निम्मे. हिरवळीवर चेंडू भोकात ढकलायचा पटर, वाळूतून काढायचा एक, मधले चार-पाच. बाकीचे परत पिशवीत.

आणि लांबच्या फटक्यांचा क्लब, ड्रायव्हर, तो तर तुम्ही हातातही घेतला नाहीत. सगळ्यात लांब, सगळ्यात मोठ्या डोक्याचा, काळाभोर. मला तोच हवा होता.

"वन्सं, सेट फोडताय तुम्ही!"

"फोडत नाही, निवडते आहे."

पण आपल्याकडे सेट फोडत नाहीत हो! सहा कपांतला एक फुटला तर उरलेले पाच आपण पाहुण्यांसमोर आणत नाही. डॉक्टरबाबूसुद्धा म्हणत होते, "ड्रायव्हारटा नेबेन ना?" ड्रायव्हर नेणार नाही का? ते अख्खी पिशवी द्यायला तयार होते. तुम्ही हटला नाहीत. "ज्याला चालता येत नाही त्याने मोटार घेऊ नये. अर्ध्या सेटात सगळं मैदान खेळून होतं. मधलं ते तळंसुद्धा, ज्याला तू घाबरतेस." परतीच्या टॅक्सीत मी तुमच्याकडे पाठ करून बसले. मांडीवर माझा अर्धा सेट होता, बोटं त्याच्यावरून फिरत होती, आणि मी रुसले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी, माझ्या मापाचं, माझ्या हाताचं काहीतरी निवडलं गेलं होतं, आणि मी रुसले होते.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गंमत झाली. तुम्ही उजव्या, मी डावी, त्यामुळे शिकवताना आपण समोरासमोर आलो. मधे चेंडू, त्या बाजूला तुम्ही, ह्या बाजूला मी. तुम्ही खांदा वळवलात की मी वळवायचा, तुमचा हात जिथे जाईल तिथे माझा. मी पहिला फटका मारला आणि चेंडू उचलला गेला. खरंच उचलला गेला, वन्सं! फार लांब नाही, पण हवेत. शर्मिष्ठादींनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही फक्त म्हणालात, "आली. आता खेळ सुरू करू."

पुढचं वर्ष कसं गेलं ते काय सांगू! मी सकाळी उठायचे ते कुठेतरी जायचं म्हणून उठायचे. भाजीवाल्याशी बंगालीत हुज्जत घालायला लागले. मंडळाच्या हळदीकुंकवाला सरळ डाव्या हाताने वाण दिलं, दोन बायकांनी भुवया उंचावल्या, तिसरी उंचावणार तोच तुम्ही तिला कोपराने ढोसलंत. शिरीषने हॉलमधला तो फुकटचा सेट स्वतःच कोणालातरी देऊन टाकला.

फक्त ते तळं तेवढं राहिलं. पाण्यापलीकडे हिरवळ, अलीकडे आपण, आणि चेंडू हवेतूनच जायला हवा. तुम्ही स्वतः इतकी वर्षं त्याला वळसा घालून जायचात, छोटे छोटे फटके मारत काठाकाठाने. "माझी पाठ गेली. तू मात्र वरून जायचं," असं म्हणायचात. मी सात नंबरचा क्लब घ्यायचे, मारायचे, आणि चेंडू बुडुक. दर वेळी बुडुक. तुम्ही म्हणायचात, मान वर करतेस, फटका पुरा व्हायच्या आधी बघायला जातेस. मी म्हणायचे, मान गेली खड्ड्यात, ड्रायव्हर द्या. तिथेच पैज लागली. सात नंबरने तळं ओलांडलं की मी कबूल करायचं, अर्धा सेट पुरतो. आणि मग तुम्ही स्वतः माझ्याबरोबर बागबाजारला येणार, ड्रायव्हर आणायला.

हॉस्पिटलातही आपण तेच भांडत होतो. छातीला यंत्राच्या तारा लावलेल्या, आणि तुम्ही म्हणताय, "सात नंबर पुरतो." मी म्हणतेय, "सात जन्म लागतील." नर्सने मला बाहेर काढलं. तुम्ही दारापर्यंत आवाज दिलात, "उद्या बोलू!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला बोलवत नव्हतं. पाणी हवं होतं. शिरीष, मी आणि नागपूरहून आलेल्या आत्येसासूबाई खाटेजवळ होतो. मी चमचा उचलला तो डाव्या हाताने, आता तोच आधी पुढे होतो. आत्येसासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, उजव्याने घाल." मी थबकले. तेव्हा तुम्ही तळहात उचललात. कोणी फटका मारत असताना बाकीच्यांनी गप्प राहावं म्हणून मैदानावर उचलायचात, अगदी तसा. खोली गप्प झाली. ते पाणी मी तुम्हाला डाव्या हाताने पाजलं. थँक यू म्हणायचं राहिलं, कारण नणंदेला थँक यू म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. ही पद्धत मात्र मोडायला हवी होती.

आणि आता मुद्द्यावर येते.

परवा शर्मिष्ठादी मला ओढून मैदानावर घेऊन गेल्या. मी नको म्हणत होते. तळ्यापाशी आलो. सात नंबर काढला. उभी राहिले, आणि समोर कोणी नव्हतं. चेंडूच्या त्या बाजूला नुसतं गवत. तुमची टोपी नाही, कॅनव्हासचे बूट नाहीत. मला वाटलं, आपल्याच्याने होणार नाही, परत जावं. मग वाटलं, एकदाच. खांदा वळवला, हात मागे गेला, खाली आला. बघायला काही नव्हतंच, म्हणून मान खालीच राहिली.

तेव्हा कळलं, वन्सं. वर्षभर मी मान वर करत होते ती चेंडू बघायला नाही. तुमचा चेहरा बघायला. बरोबर झालं का, वन्संना आवडलं का, शाबासकी आहे का. गुणी मुलगी अजून गेली नव्हती. परवा पहिल्यांदा मी फटका पुरा केला आणि मगच मान वर केली.

चेंडू पाण्याच्या वर होता. चांगला उंच. मग पलीकडे, हिरवळीच्या काठावर, टप्पा पडून थांबला. शर्मिष्ठादी किंचाळल्या, "पेरिये गेछे! मीनल, पेरिये गेछे!" ओलांडलं! मी क्लब आकाशाकडे उचलला, डाव्या हाताने, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं मराठीत ओरडले, "जिंकलात, वन्सं!" पलीकडची माणसं खेळायची थांबून बघायला लागली. बघू देत. मी रडत होते आणि नाचत होते, आणि दोन्ही एकदम छान जमत होतं.

तर घ्या, कबूल करते. अर्धा सेट पुरतो. तुम्ही बरोबर होतात, मी चूक होते, आणि हे ऐकून खुशीत यायला तुम्ही इथे नाही ह्याचा मला भयंकर राग आलाय.

पण पैज म्हणजे पैज. रविवारी मी बागबाजारला जाते आहे. डॉक्टरबाबूंना फोन केला, ते म्हणाले, ड्रायव्हर पुसून ठेवतो. टॅक्सीत तुमच्या बाजूची खिडकी मोकळी ठेवीन. त्यांनी संदेशची बशी पुढे केली की डाव्या हाताने दोन उचलेन, एक तुमचा. आणि तुम्हाला कितीही पटलं नाही तरी तो ड्रायव्हर मी घरी आणणार आहे.